कवळीकाकांचे चौदा नियम

सलग एकतीस रविवार डोमिनोत ताई जिंकल्या. बत्तिसाव्या रविवारीही त्याच जिंकल्या, तेव्हा पोहणं शिकवणारे मास्तर खुर्ची मागे सरकवून उठले, गळ्यातली शिट्टी शर्टाच्या आत टाकली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येईनच असं धरून चालू नका."

चष्मेवाल्या बाईंनी लगेच तोच धागा उचलला. त्यांचं चष्म्यांचं दुकान कवळीकाकांच्या दुकानाला लागूनच होतं. "मलाही जरा दुकानातल्या फ्रेमा लावायच्या आहेत," त्या म्हणाल्या. "रविवारीच काय तो वेळ मिळतो." फ्रेमा लावायला एक रविवार लागणार की आयुष्यातले उरलेले सगळे, हे त्यांनी सांगितलं नाही.

ताई मात्र शांतपणे सोंगट्या गोळा करून पेटीत रचत होत्या. बत्तीस वेळा जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडा तरी संकोच दिसावा, तर त्याचं नावही नव्हतं.

धसका घेतला तो कवळीकाकांनी. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण जातं? कवळ्या बनवतात म्हणून कवळीकाका. पुढच्या खोलीत दुकान आणि कारखाना एकत्रच, म्हणजे एक लांब बाक, प्लॅस्टरचे जबडे, मेणाच्या वड्या आणि एक बर्नर. मागच्या खोलीत गोल टेबल आणि चार खुर्च्या. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात बोलायला कोणी नाही, आणि दुकानात येणारी माणसं दात काढून बाकावर ठेवत आणि काम होईपर्यंत पुन्हा घालत नसत, त्यामुळे तिथेही संभाषण होऊन होऊन किती होणार? आठवड्यातले सहा दिवस काकांच्या तोंडून "आ करा" आणि "चावून बघा" याखेरीज फारसं काही निघत नसे. सातव्या दिवशी दुपारी तीन वाजता ही तीन माणसं येत. रविवार गेला तर आपण कामातून गेलो, हे काकांना स्वच्छ कळत होतं.

ताई त्यांची सख्खी मोठी बहीण, त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला राहणारी. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं ऑपरेटर होती. त्या काळात निम्म्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ होते, त्यापुढे डोमिनोच्या दोन्ही टोकांना ठिपके असलेल्या अठ्ठावीस सोंगट्या म्हणजे डाव्या हातचा मळ. दुसरी फेरी संपेपर्यंत कोणाच्या हातात काय आहे, हे ज्याच्या त्याच्या आधी ताईला ठाऊक असे.

मास्तर आणि बाई गेल्यावर काका तिला म्हणाले, "ताई, एकदा हर ना."

"हरू? मुद्दाम?" ताईने भुवया वर केल्या. "उद्या मी म्हटलं, एखाद्याला मुद्दाम वाकडी कवळी बसव, तर बसवशील?"

"तसं नव्हे गं. मास्तर येणार नाहीत."

"पाण्यातल्या पोरांना सांगतात, घाबरू नका, हातपाय मारा. आणि स्वतःच्या नाकात दोन थेंब गेले की हे बाहेर!"

"ताई..."

काकांचा आवाज ऐकून ती जरा विरघळली. "बरं बाळ्या. बघते."

काकांनी तरणतलावावर जाऊन, ओल्या फरशीवर घसरत, मास्तरांची मनधरणी केली आणि त्यांना आणखी एका रविवारासाठी आणलं. ताई ठरल्याप्रमाणे हरायला बसली. पण ज्याला सवय नाही त्याने असल्या भानगडीत पडू नये. रांगेच्या दोन्ही टोकांना पाच उघडे, म्हणजे पाचाची कुठलीही सोंगटी चालणार, असं असताना ताई "पास" म्हणाली, आणि तेही छताकडे बघत. मास्तरांनी शिट्टी फुंकली.

"ताई, हात दाखवा."

हातात दुहेरी पाच होती.

"मला भीक घालताय?" मास्तरांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "पस्तीस वर्षं पोहणं शिकवतोय मी! कोणी मला ओढत काठाला आणलेलं नाही!"

काकांनी त्यांना कसंबसं खाली बसवलं, पण त्या दिवशी एक गोष्ट त्यांना पटली. ताईला हरवायचं काम ताईवरच सोपवून चालणार नाही, ते नशिबावर सोपवायला हवं. नशीब म्हणजे फासे. डोमिनोत फासे मिसळायचे, म्हणजे ताईची स्मरणशक्ती एका बाजूला आणि पडेल ते दान दुसऱ्या बाजूला, असा नवा खेळच काढायचा.

मंगळवारी त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि दातांच्या मालमसाल्यातून एक फासा आणि अठ्ठावीस सोंगट्यांचा नवा संच ओतला. दातांचा पांढरा रंग आणि त्यावर हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे ठिपके. काम सुबक झालं होतं, यात शंका नाही. पण रविवारी टेबलावर मांडल्यावर चष्मेवाल्या बाईंनी एक सोंगटी उचलली, चष्म्यावरून निरखली आणि पुन्हा हळूच खाली ठेवली.

"माझ्याकडे बघून हसल्यासारखी वाटतेय," त्या म्हणाल्या.

पहिला खेळ सोपा होता. फासा टाकायचा, जेवढं दान तेवढ्या सोंगट्या एका दमात लावायच्या. पाच-सहा पाळ्या झाल्या आणि ताई एकदम खुशीत आली. काय झालं होतं, तर फासा ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला होता. दर दोन दानांतलं एक चार पडत होतं. हे बाकीच्यांना कळेपर्यंत ताईने चाराच्या हिशेबाने सगळी रांग आखून टाकली होती. त्या दुपारी ती तीन वेळा जिंकली.

"म्हणजे आता फासेसुद्धा यांच्या बाजूचे," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात काकांनी दोन नवे फासे ओतले, बुडबुडा न ठेवता, आणि पाण्यात बुडवून, तरंगवून, शंभर शंभर वेळा टाकून तपासले. दुसरा खेळ असा की दोन फाशांवर जे दोन आकडे पडतील, नेमकी तीच सोंगटी लावायची. सव्वा तासात रांगेत तीन सोंगट्या लागल्या. मास्तर हनुवटी छातीला टेकवून झोपले, आणि घोरताना शिट्टी तोंडाशी आल्यामुळे मधूनमधून बारीक शीळ वाजत राहिली. चष्मेवाल्या बाई मात्र मुकाट्याने पास म्हणत बसल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, माझ्या या चार कोऱ्या आहेत. यांची पाळी कधी येणार?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. डोमिनोत एका टोकाला ठिपकाच नसलेली कोरी सोंगटी असते, पण फाशाला कोरी बाजू कुठे असते? बाईंच्या त्या चार सोंगट्या जगबुडीपर्यंत लागल्या नसत्या.

मास्तर जागे झाले. त्यांना सगळी हकीकत सांगण्यात आली. "काका," ते म्हणाले, "तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. माझ्या आईची कवळी तुम्ही केली, ती अजून सुपारी फोडते. पण एकच रविवार. त्यानंतर मी मोकळा."

"एकच," बाईंनीही मान हलवली.

मग त्या आठवड्यात काकांनी जे केलं त्याला कवळीवाल्याचा हट्टच म्हणायला हवं. कवळीत केसाएवढी फट राहिली तरी तिथे अन्न अडकतं, मग हिरडी दुखते, मग माणूस परत येतो. म्हणून पस्तीस वर्षं काकांनी फट म्हणून राहू दिली नव्हती. आता त्यांनी खेळाकडे तसंच पाहायला सुरुवात केली. मापं लिहायच्या कार्डांच्या मागच्या बाजूला रोज एक-दोन नियम लिहायचे आणि प्रत्येक नियम उलटासुलटा करून फट शोधायची.

एकच फासा. जे दान पडेल तो आकडा असलेली सोंगटी लावायची. कोरी कुठेही चालेल, म्हणजे बाईंची तक्रार नको. जमली नाही तर ढिगातून एक उचलायची. सहा पडला तर शेजाऱ्याशी हातातली एक सोंगटी न बघता बदलायची, म्हणजे ताईच्या स्मरणशक्तीची पार खिचडी. एक पडला तर रांगेच्या शेपटाची सोंगटी काढून परत ढिगात, म्हणजे मास्तरांना झोप लागायला नको. बुधवारी नववा नियम सुचला. एखादा फार पुढे गेला तर त्याला आवर घालायला हवा. हातात एकच सोंगटी उरलेल्याने पाळी आली की आधी ढिगातून एक उचलायची आणि मगच फासा टाकायचा. ढीग रिकामा असेल तर? रांगेच्या शेपटाची उचलायची. काकांनी स्वतःचीच पाठ थोपटली. मग शुक्रवारी अकरावा नियम आला. ताई कधीकधी तोंडाने बोलत बोलत दोन सोंगट्या लावून मोकळी होते, म्हणून एका पाळीला एकच सोंगटी, दान काहीही पडो. चौदावा नियम असा, की ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला.

चौदाही नियम काकांनी एकेक करून तपासले. कुठे बोट शिरायला जागा नव्हती.

रविवारी तीन वाजता खेळ सुरू झाला, आणि तो रंगला. आधी मास्तर कपाळाला आठ्या घालून बसले होते, पण चौथ्याच पाळीला त्यांनी सहा टाकून ताईच्या हातातली सोंगटी ओढली आणि ताईने "अरेच्चा!" म्हटलं. ताईच्या तोंडून हा शब्द त्या टेबलावर पहिल्यांदाच निघाला होता. मास्तर सरसावून बसले. पाचच्या सुमाराला त्यांच्या हातात एकच सोंगटी उरली आणि त्यांनी विजयाची शिट्टी वाजवली. मग नववा नियम, एक उचलली, एक लावली, पुन्हा एकच. मग बाईंकडे एक उरली. मग ताईकडे. कोणी पुढे गेलं की दुसऱ्याचं दान पडायचं. एरवी मुकाट्याने बसणाऱ्या बाई चक्क ओरडायला लागल्या. आणि काकांच्या तोंडाला तर खळ नव्हता. पहिला नियम काय, चौथा काय, मास्तर तसं नाही, असं, बाई हात लपवा, ताई ती कोरी कुठेही चालते, अगं हो, कुठेही. मध्ये दोनदा चहा झाला. पाव आणि मुरंबा झाला. दिवे लागले.

आठ वाजायला आले तेव्हा मास्तर अकराव्यांदा एका सोंगटीवर येऊन पोचले होते. "आता तरी!" ते म्हणाले. "काका, चहा टाका, तोवर मी जिंकतो."

काका स्वयंपाकघरात आले. आधण ठेवलं, कप मांडले आणि एक चमचा हातात घेऊन उभे राहिले. टेबलाकडून मास्तरांचा आवाज आला, "एक उचलली! एक लावली! अरे, परत एकच!" काकांनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं. डब्यातून दुसरा चमचा उचलला. दोन झाले. एक ओट्यावर ठेवला. उरला एक. पुन्हा एक उचलला, एक ठेवला. उरला एकच.

हात रिकामा होणारच नव्हता. आज नाही, उद्या नाही, पुढच्या वर्षी नाही. नववा नियम चोख होता, अकरावा चोख होता, पण दोन्ही मिळून खेळ कायमचा बंद करून टाकत होते. कवळीवाला कधी करत नाही ती चूक त्यांनी केली होती. वरची कवळी वेगळी तपासली, खालची वेगळी तपासली, पण दोन्ही एकदम तोंडात घालून "चावून बघा" म्हणायचं राहून गेलं होतं.

चहा उकळत राहिला. काका मनाशी म्हणाले, गप्प बसावं. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. थकतील आणि घरी जातील, पुढच्या रविवारी पुन्हा येतील. पण जे माप चुकलेलं आपल्याला ठाऊक आहे ते गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवायचं, हे त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. कप न घेताच ते बाहेर आले आणि टेबलाशी उभे राहिले.

"माझं चुकलंय," ते म्हणाले. "हा खेळ संपणारा नाही. नववा आणि अकरावा नियम एकत्र बघा. कोणीच जिंकू शकत नाही. पाच तास फुकट गेले तुमचे. मला माफ करा."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मास्तरांनी कार्डं ओढून घेतली, नववा वाचला, अकरावा वाचला, बोटांवर काहीतरी मोजलं. काका खुंटीवरच्या त्यांच्या टोपीकडे बघत होते. आता ती डोक्यावर जाणार आणि हा माणूस पुन्हा या दारात दिसणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"एक गोष्ट नीट सांगा," मास्तर म्हणाले. "कोणीच जिंकू शकत नाही?"

"नाही."

"म्हणजे ताईसुद्धा?"

"ताईसुद्धा."

"कधीच?"

"कधीच नाही."

मास्तर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, जसं बत्तीस रविवारांत एकदाही दिसलं नव्हतं. "मग हे टेबल असंच राहू द्या," ते म्हणाले. "एकही सोंगटी हलवू नका. पुढच्या रविवारी पाळी माझी आहे, लक्षात आहे ना? तीनला येतो. पावणेतीनला येतो."

"आणि तुमच्या फ्रेमा?" काकांनी घाबरतच बाईंना विचारलं.

"त्या काय पळून जाणार आहेत?" बाईंनी पर्समधून चष्मे पुसायचं मोठं फडकं काढलं आणि रांगेवर धूळ बसू नये म्हणून अलगद पसरलं. मग मास्तर आणि बाई, ताईला त्या दिवशी कसं अडवलं याच्या गप्पा ताईच्या देखतच करत, दुकानातून बाहेर पडले.

ताई कप विसळायला स्वयंपाकघरात गेली. काका फडकं घेऊन तिच्या बाजूला उभे राहिले. ताईला पहिल्या पाळीपासूनच्या सगळ्या सोंगट्या पाठ असणार, मग तिला हे दिसलं नसणं त्यांना एकाएकी अशक्य वाटायला लागलं.

"ताई, तुला केव्हा कळलं?"

"तू नियम वाचून दाखवलेस तेव्हाच शंका आली होती. तिसऱ्या पाळीला खात्री झाली."

"आणि बोलली नाहीस? लहानपणी हरायची वेळ आली की पट उधळून उठायचीस तू. जिंकता येणार नाही हे माहीत असताना पाच तास बसलीस कशी?"

ताईने कप पालथा घातला. तिने काकांकडे पाहिलं नाही. "तू बोलत होतास," ती म्हणाली. "मास्तर असं नाही, बाई हात लपवा, ताई हे, ताई ते. ती गेल्यापासून तुझ्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली नव्हती मी. म्हटलं, चालू दे याचं."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण ते कप पुसत राहिले. एकच कप, बराच वेळ.

"झालं! बसली परत दातखीळ," ताई म्हणाली आणि पुढचा कप त्यांच्या हातात दिला. "आणि हे बघ बाळ्या, शहाणपणा करून तो नववा नियम दुरुस्त करायला जाऊ नकोस. केलास तर सांगून ठेवते, मी जिंकेन."